पैसे भरण्याचे पान : केन्यातील एम-पेसाच्या निमित्ताने

व्यवहारातील लेखन हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकास नवा नाही. पत्रांचे मायने, सनदा, कौलनामे, हुंड्या यांच्या भाषेकडे मराठी संशोधनाने पूर्वीच लक्ष दिले आहे. आणि पत्रलेखनाचे नियम घालून देणारी जुनी मेस्तके पाहिली म्हणजे पूर्वजांनीही अशा लेखनास स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा दिली होती हे ध्यानात येते. या लेखनात अलंकारास वाव नसतो. परंतु क्रम, संक्षेप आणि संदिग्धतेचा परिहार या गुणांची कसोटी त्यात ललित लेखनापेक्षा अधिक कठोरपणे लागते. कारण तेथे शब्द चुकला तर नुसता रसभंग होऊन भागत नाही, कोणाचे तरी पैसे अडकतात. आज या जातीचे जे लेखन फार मोठ्या प्रमाणावर वाचले जाते त्यात इंटरनेटवरील दुकानाचे अखेरचे पान, ज्यास व्यवहारात ‘चेकआउट’ म्हणतात, त्याची गणना केली पाहिजे. त्याचा कर्ता निनावी असतो, वाचक घाईत असतो, आणि त्याची चिकित्सा बहुधा कोणी करीत नाही.

या पानावर एखाद्या प्रदेशात रूढ असलेल्या मोबाइल वॉलेटचा पर्याय नव्याने घालणे हे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. कार्डाच्या चौकोनाखाली आणखी एक चौकोन, त्यात त्या सेवेचे चिन्ह, चिन्हाशेजारी फोन क्रमांकासाठी जागा, एवढे केले की झाले, अशी समजूत दुकानदार आणि पुष्कळदा पान रचणारे प्रोग्रामरही बाळगून असतात. प्रस्तुत विवेचनाचा रोख या समजुतीवर आहे. पानाची सारी रचना कार्डाच्या व्याकरणावर बेतलेली असताना तीत निराळ्या व्याकरणाचे एक वाक्य बसवले, तर ते वाक्य स्वतः शुद्ध असूनही एकूण अर्थ बिघडतो. आणि या बिघाडाचा भुर्दंड ग्राहकास, त्यातही तो सोसण्याची ऐपत ज्यास कमी त्या ग्राहकास, पडतो. उदाहरणादाखल केन्यातील एम-पेसा ही सेवा घेतली आहे. अशा सेवांपैकी जिचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे अशांत तिची गणना होते, आणि तिच्या पर्यायाची रचना कशी करावी याचे नियमही प्रसिद्ध आहेत.

मराठी वाचकास या विषयातील शब्द फारसे परके वाटू नयेत. स्वाहिलीतील ‘पेसा’ हा शब्द म्हणजे ‘पैसा’च होय. हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत तर १९२० पर्यंत रुपया हेच चलन होते. त्यामागील ‘एम’ हे मोबाइलचे आद्याक्षर. दुकानास स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात. रोख रक्कम घेऊन खात्यात भरणाऱ्या आणि खात्यातून काढून देणाऱ्या एजंटाच्या कामास ‘वकाला’ हा शब्द आहे, आणि त्याचे व मराठीतील ‘वकिला’चे मूळ एकाच अरबी धातूत आहे. दुकानांच्या संगणकांना एम-पेसाशी जोडून घेण्याची जी सोय सफारीकॉम कंपनीने २०१७ मध्ये खुली केली, तिचे नाव ‘दराजा’. हा मूळचा अरबी शब्द. स्वाहिलीत त्यास पूल हा अर्थ आला. फारसीच्या वाटेने मराठीत आला तो ‘दर्जा’ होऊन. एकाच शब्दाचा एका किनाऱ्यावर पूल व्हावा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर प्रतवारी, हा योगायोग पुढील विवेचनास उपकारक आहे. नवा पर्याय पानावर पूल म्हणून येतो की खालचा दर्जा म्हणून, हाच येथील प्रश्न होय.

एम-पेसाचा जन्म दुकानात झालेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. व्होडाफोन कंपनी आणि ब्रिटिश सरकारचे परदेशी विकासखाते यांच्या पैशातून २००५ मध्ये केन्यात जो प्रयोग झाला, त्याचा उद्देश लहान कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत एवढाच होता. परंतु प्रयोगात सामील झालेल्या लोकांनी ती सोय एकमेकांस पैसे पाठवण्यासाठी वापरण्यास प्रारंभ केला, आणि चालकांनी आपली योजना लोकांच्या वापराप्रमाणे बदलली. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने सेवा सर्वांस खुली केली ती ‘घरी पैसे पाठवा’ या अर्थाच्या घोषवाक्यासह. नैरोबीत राबणाऱ्या माणसाने गावाकडे पैसे पाठवावेत आणि गावातील नातेवाइकाने एजंटाकडून रोख घ्यावी, हा तिचा मूळ प्रसंग. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरींची आठवण मराठी वाचकास येथे झाल्यावाचून राहणार नाही.

या सेवेचे मूळ क्रियापद अशा रीतीने ‘पाठवणे’ हे आहे आणि त्याचा कर्ता पैसे देणारा मनुष्य आहे. २०१३ मध्ये ‘लिपा ना एम-पेसा’, म्हणजे ‘एम-पेसाने पैसे भरा’, या नावाने दुकानांसाठी सोय झाली तेव्हाही हे क्रियापद बदलले नाही. भिंतीवरील हिरव्या पाटीवर दुकानाचा क्रमांक असतो. ग्राहक आपल्या फोनवर तो क्रमांक आणि रक्कम घालतो, चार अंकी पिन देतो, आणि पैसे पाठवतो. दुकानदाराच्या हाती ग्राहकाचे काहीही जात नाही.

कार्डाचे व्याकरण याच्या अगदी उलट आहे. कार्डधारक सोळा अंक, मुदत आणि पाठीमागील तीन अंक पानावर लिहितो, तेव्हा तो पैसे देत नसतो. ते आपल्या खात्यातून काढून घेण्याची मुभा देत असतो. क्रिया दुकानदाराची, ग्राहकाची केवळ संमती. म्हणूनच कार्डाचे पान इतके प्रश्न विचारते. घर क्रमांक, रस्ता, पिनकोड यांची चौकशी ते करते, कारण परक्या खात्यात हात घालणाऱ्यास तो हात कोणाच्या खात्यात जात आहे याची खात्री करावी लागते. केन्यात टपाल घरोघर न जाता बहुधा टपालपेटीच्या क्रमांकावर जाते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या प्रश्नांचा परकेपणा वेगळा सांगावयास नको. कार्डाच्या व्यवहारात उत्तरही तेथल्या तेथे मिळते. बँकेचा होकार वा नकार काही क्षणांत त्याच पानावर उमटतो, आणि पानावरील ‘आपली ऑर्डर नोंदवली आहे’ हे वाक्य हाच व्यवहाराचा शेवट ठरतो. आरंभ, मध्य आणि अंत या तिन्ही अवस्था एकाच पृष्ठावर घडतात. या एकत्वावरच चेकआउटचे सारे शिल्प उभे आहे.

दराजापूर्वीच्या काळात केन्यातील दुकानांनी या पानावर एम-पेसास जागा दिली ती अगदी प्राथमिक रीतीने. पानावर सूचनांची एक मालिका छापलेली असे : फोनमधील एम-पेसाची यादी उघडा, ‘लिपा ना एम-पेसा’ निवडा, अमुक व्यवसाय क्रमांक घाला, खाते क्रमांकाच्या जागी ऑर्डरचा क्रमांक लिहा, रक्कम लिहा, पिन द्या, आणि मग फोनवर आलेल्या संदेशातील दहा अक्षरांचा संकेतांक येथे, या रकान्यात, उतरवून द्या. ही पद्धत क्लिष्ट होती यात संशय नाही. एक अंक चुकला की पैसे भलत्याच खात्यावर जात, आणि संकेतांक उतरवताना शून्य व ओ या अक्षराचा घोटाळा होई. तथापि लेखन म्हणून तिचे परीक्षण केले तर एक गोष्ट मान्य करावी लागते : व्यवहाराचा शेवट पानावर होत नसून ग्राहकाच्या फोनवर होतो, हे तिने ओळखले होते. पान ग्राहकास विचारत असे, ‘तुझ्याजवळ पुरावा काय आहे?’ आणि ग्राहक तो दाखवीत असे.

या पुराव्याची घडण पाहण्यासारखी आहे. एम-पेसाच्या संदेशात सर्वांत आधी संकेतांक येतो, त्यापाठोपाठ व्यवहार पक्का झाल्याचा एकच शब्द. नंतर रक्कम, ती कोणास गेली त्याचे नाव, खाते असल्यास त्याचा उल्लेख, दिवस आणि वेळ, व शेवटी खात्यातील शिल्लक. क्रम असा की वाचणारा अर्ध्यावर थांबला तरी मुख्य गोष्ट त्याच्या हाती लागलेली असते. आभार, शुभेच्छा, जाहिरात यांस मूळ वाक्यात स्थान नाही. हा संदेश केन्यात पावतीचे काम करतो. इतकेच नव्हे, तर चुकीच्या माणसास गेलेले पैसे परत मागावयाचे असल्यास तोच संदेश ४५६ या क्रमांकाकडे पाठवण्याची रीत सफारीकॉमने घालून दिली. म्हणजे तो केवळ वार्ता नव्हे, दावा सांगण्याचे साधन आहे.

येथे हुंडीचे स्मरण होते, आणि ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. हुंडीत रक्कम आकड्यांनी आणि अक्षरांनी लिहीत, शिवाय तिची निमी रक्कम सांगून ‘त्याची दुप्पट’ असाही निर्देश करीत, हेतू हा की कोणी एखादे शून्य वाढवू नये. शब्दांचा हा खर्च पुराव्यासाठी होता. त्याहून महत्त्वाचे असे की हुंडी गहाळ होऊ शकते, हे त्या शास्त्राने गृहीतच धरले होते. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. व्यवहाराचा कागद वाटेत नाहीसा होईल आणि तरीही देणे खरेच राहील, या जाणिवेतून हे शब्द निर्माण झाले. उत्तम व्यवहारलेखनाची एक खूण हीच मानावयास हरकत नाही, की वाटेतील अपघातासाठी त्याच्याजवळ आधीपासून शब्द तयार असतो.

दराजाने आणलेली नवी रीत पुढीलप्रमाणे आहे. ग्राहक पानावर फक्त फोन क्रमांक लिहितो. दुकानाचा संगणक सफारीकॉमच्या संगणकास विनंती करतो. ग्राहकाच्या फोनच्या पडद्यावर एक चौकट आपोआप उघडते आणि अमुक दुकानास, अमुक खात्यावर, इतके शिलिंग द्यावयाचे काय, असे विचारते. ग्राहक पिन देतो. निकाल काय लागला ते सफारीकॉमचा संगणक दुकानाने आधी कळवून ठेवलेल्या पत्त्यावर मागाहून कळवतो. या मागाहूनच्या निरोपास ‘कॉलबॅक’ म्हणतात. अंक लिहिण्याचे, यादी उघडण्याचे, संकेतांक उतरवण्याचे श्रम वाचले. सोयीच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होय, आणि तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु या सोयीबरोबर क्रियापद बदलले. ‘मी पाठवतो’ या जागी ‘मजजवळ मागितले जाते’ असा प्रयोग आला. मागणारा कोण आणि कशासाठी मागतो, हे सांगण्यास दुकानदारास मिळालेली जागा किती आहे? दराजाच्या नियमाप्रमाणे फोनवरील चौकटीत दिसणाऱ्या खात्याच्या उल्लेखास बारा अक्षरे, आणि व्यवहाराच्या वर्णनास तेरा. बारा अक्षरांत आशय भरणे अशक्य नाही. पण पुष्कळ दुकाने त्या जागी केवळ आपल्या संगणकाच्या सोयीचा एखादा अंक टाकून मोकळी होतात, किंवा सर्व ग्राहकांना एकच शब्द दाखवतात. ज्या चौकटीत ग्राहक आपला पिन देणार, तीत त्याने काय विकत घेतले याची ओळख पटवणारे एक अक्षरही नसावे, हे कार्डाच्या सवयीचे फळ आहे. कार्डाच्या पानावर वस्तूंची यादी डोळ्यांसमोरच असते; येथे ती पानावर राहते आणि निर्णय फोनवर होतो. दोन पडद्यांमधील हे अंतर सांधणारा दुवा त्या बारा अक्षरांखेरीज दुसरा नाही.

याहून गंभीर दोष एका शब्दाच्या दोन अर्थांतून उद्भवतो. दुकानाच्या संगणकाने विनंती पाठवताच सफारीकॉमकडून लगेच एक उत्तर येते. त्यात शून्य हा अंक असतो आणि यशाचा निर्देश असतो. पण त्या यशाचा अर्थ विनंती पोहोचली, ती विचारार्थ घेतली, एवढाच. पैसे मिळाल्याचे यश निराळे. ते मागाहून कॉलबॅकमध्ये येते आणि तेथेही त्याची खूण शून्यच असते. नवशिका प्रोग्रामर पहिल्या शून्यास दुसरे शून्य समजतो आणि पैसे येण्यापूर्वीच माल रवाना करतो. ही चूक लवकर उघडकीस येते, कारण तीत तोटा दुकानदाराचा असतो. उलट बाजूची चूक मात्र दीर्घकाळ टिकते : पैसे गेलेले असतात, ग्राहकाच्या फोनवर पक्का संदेश आलेला असतो, आणि कॉलबॅक मात्र वाटेत हरवतो. दुकानाचा सर्व्हर त्या क्षणी बंद असेल, पत्ता चुकला असेल, काहीही असो. पान फिरत राहते, आणि शेवटी ‘पैसे मिळाले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा’ असे म्हणते.

या वाक्याचा विचार जरा थांबून केला पाहिजे. ‘पैसे मिळाले नाहीत’ हे विधान दुकानाच्या अज्ञानाचे आहे. पण ते वस्तुस्थितीच्या थाटात केलेले आहे. सत्य वाक्य ‘पैसे मिळाल्याचे आम्हांस अद्याप कळले नाही’ असे झाले असते. या दोन वाक्यांतील अंतर केवळ शैलीचे नव्हे. पहिल्याने ग्राहक खोटा ठरतो, दुसऱ्याने दुकान अपुरे ठरते. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा उपदेश तर कार्डाच्या पानावरून जसाच्या तसा उचललेला आहे. तेथे तो बहुधा निरुपद्रवी असतो, कारण नकार आला म्हणजे पैसे गेलेले नसतात. येथे तो पाळणारा ग्राहक एकाच वस्तूचे दोनदा पैसे देऊन बसतो.

निकालाच्या संकेतांकांतही असाच एक भाषिक अन्याय दडलेला आहे. फोनशी संपर्कच झाला नाही तर १०३७ हा अंक येतो. खात्यात पैसे अपुरे असल्यास १. आणि १०३२ या अंकाचा अर्थ ‘ग्राहकाने विनंती रद्द केली’ असा सांगितला जातो. परंतु ग्राहकाने चौकट स्वतः बंद केली काय, किंवा पिन घालण्यास उशीर झाल्यामुळे ती आपोआप मिटली काय, दोहोंसही हाच अंक येऊ शकतो. एकाची इच्छा आणि दुसऱ्याचा विलंब या एकाच शब्दात बांधल्या गेल्या. ज्याची दृष्टी मंद आहे, ज्याचा फोन जुना आहे, पिन आठवण्यास ज्यास क्षणभर अधिक लागतो, त्याच्याविषयी पान जेव्हा ‘आपण व्यवहार रद्द केला’ असे म्हणते, तेव्हा जी कृती त्याने केलीच नाही तिचे कर्तृत्व ते त्याच्या माथी मारते. संगणकास दोहोंतील भेद कळत नसेल, तर तो भेद पुसून न टाकणारे वाक्य लिहिणे हे लेखकाचे काम आहे. ‘पिन वेळेत मिळाला नाही किंवा विनंती रद्द झाली’ एवढे लिहिण्यास कोणत्याही यंत्राची आडकाठी नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, ग्राहकाच्या संदेशावर दुकानाने विश्वास कसा ठेवावा? खोटे संदेश रचून माल उचलण्याचे प्रकार केन्यात घडतच नाहीत असे नाही, आणि नव्या रीतीचा एक लाभ हाच की दुकानदारास आता ग्राहकाच्या फोनकडे पाहण्याची गरज उरत नाही. आक्षेप सबळ आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. संदेशातील मजकूर बनावट असू शकतो, संकेतांक मात्र तपासता येतो. तपासण्याची सोय दराजाने दिलेली आहे. दुकानाने पाठवलेल्या विनंतीचे पुढे काय झाले हेही विचारता येते, आणि संकेतांक देऊन तो व्यवहार खरा की खोटा हेही विचारता येते. म्हणजे पेठ आणि परपेठ दोन्ही उपलब्ध आहेत. कित्येक दुकानांच्या पानांत त्या नाहीत त्याचे कारण तांत्रिक नसून वैचारिक आहे. कार्डाच्या जगात ग्राहकाजवळ स्वतःचा असा पुरावा नसतोच, त्यामुळे तो विचारण्यासाठी रकाना असावा ही कल्पना तेथे उद्भवत नाही. आणि तेच पान पुढे चालू ठेवणाऱ्यास ती सुचत नाही. जुन्या क्लिष्ट पद्धतीत असलेला रकाना सोयीच्या नावाखाली काढून टाकला गेला, तेव्हा ग्राहकाच्या हातचे एक साधन काढून घेतले जात आहे, असे कोणाच्या मनात आले नसावे.

पैसे देणारा आणि माल घेणारा एकच असतो, हे कार्डाच्या पानाचे दुसरे गृहीत. एम-पेसाच्या समाजात ते टिकत नाही. सिबेल कुसिंबा या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने केन्यातील डिजिटल पैशावर २०२१ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा पैसा नात्यागोत्याच्या जाळ्यातून कसा फिरतो याचे विवेचन आहे. मुलाने नैरोबीतून भरावेत आणि वस्तू आईकडे पोहोचावी, हे तेथे नवल नव्हे. पण पान फोन क्रमांक एकदाच विचारते. माल पोहोचवणारा ज्यास फोन करणार तोच पिन देणार, असे मानून चालते. त्या एका रकान्याच्या जागी दोन रकाने केले, तर पान त्या समाजाचे होते. क्रमांक लिहिण्याच्या रीतीचाही असाच प्रकार. लोक आपला क्रमांक शून्य सात असा आरंभ करून सांगतात, यंत्रास तो २५४ या देशांकाने सुरू झालेला हवा असतो. हे रूपांतर यंत्राने करावयाचे की माणसाने, याचे उत्तर पुष्कळ पाने लाल अक्षरांतील चुकीच्या सूचनेने देतात. ही गोष्ट लहान आहे, तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

एम-पेसाविषयीच्या विद्वच्चर्चेने या पानाची दखल घेतलेली नाही. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला की या सेवेमुळे केन्यातील सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे जवळजवळ २ टक्के, दारिद्र्यातून वर आली. मिलफर्ड बेटमन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या निष्कर्षावर कडक टीका केली. वाद अर्थशास्त्राचा आहे आणि त्याचा निर्णय येथे लावावयाचा नाही. मात्र गरिबाचे हित मोजणाऱ्या दोन्ही पक्षांनी त्या गरिबाशी यंत्र कोणत्या शब्दांत बोलते याकडे पाहू नये, ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

भारतीय वाचकास हा प्रश्न दूरचा वाटू नये. व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये भारतातही आणले होते. ते २०१९ मध्ये बंद झाले, आणि त्याची जागा वॉलेटहून निराळ्या अशा यूपीआय पद्धतीने व्यापली. या पद्धतीतही पाठवणे आणि मागणी करणे असे दोन प्रयोग होते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवण्याचा प्रयोग फसवणुकीस कारण होऊ लागला. ‘पैसे मिळणार आहेत’ असे भासवून मागणीच्या चौकटीत पिन घालावयास लावणे हे त्या फसवणुकीचे रूप. अखेर राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही मागणी बंद केली. दुकानदारांची मागणी त्या निर्णयातून वगळण्यात आली. देणे आणि मागितले जाणे यांतील भेद ज्या चौकटीत पुसट होतो, तेथे अर्थ वाचकाच्या नव्हे तर लबाडाच्या हाती जातो, हे या प्रकरणावरून दिसते. केन्यातील फोनवर उघडणारी चौकटही त्याच जातीची आहे. तीत दुकानाचे नाव आणि ती बारा अक्षरे एवढाच विवेकाचा आधार असतो.

केन्यातील काही दुकानांनी नव्या बटणाखाली जुनी वाट लहान अक्षरांत राखून ठेवली आहे : फोनवर चौकट आली नाही तर या क्रमांकावर स्वतः पैसे पाठवा आणि संकेतांक येथे लिहा. पानावर ती गौण स्थानी असते, आणि तिची भाषाही बहुधा ओबडधोबड असते. सूचनेत आणखी एक अट घालण्याची गरज आहे. चौकट आली, पिन दिला आणि तरीही पान गप्प राहिले, अशा ग्राहकाने पैसे पुन्हा पाठवू नयेत, आलेला संकेतांकच तेवढा लिहावा, हे तेथे सांगितलेले नसते. इंग्रजीत आणि स्वाहिलीत मिळून ती चार ओळींची भर होईल, आणि तिच्यासाठी दराजाच्या एकाही नियमास हात लावावा लागणार नाही.